पुसता येणारी खूण

‘आमच्या घराण्यातच साखर आहे’ असे म्हणून मधुमेहाचा विषय महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत मिटवला जातो. आजोबांना होती, वडिलांना होती, म्हणून मला झाली. यात खोटे काही नाही. मधुमेहात आनुवंशिकतेचा वाटा आहेच. पण जनुकांवर आपण एवढा भार टाकला आहे की पेशीत या घटकेला काय चालले आहे, हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. यकृताची पेशी पहाटे उपाशीपोटी रक्तात साखर सोडत असते. जेवण झाले की थोड्याच वेळात तीच पेशी साखर आत घेऊन साठवू लागते. कामाची दिशा पूर्ण उलटते, आणि एवढ्या अवधीत तिच्या जनुकांतले एक अक्षरही बदललेले नसते. साखर साठवणारी आणि सोडणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, बहुतांशी पहाटे होती तीच असतात. त्यांतल्या काहींवर एक छोटा रासायनिक गट चिकटलेला असतो किंवा निघालेला असतो, फरक एवढाच.

विकरे ही प्रथिनेच. प्रथिन तयार झाल्यावर त्याच्यावर लागणाऱ्या अशा रासायनिक खुणांविषयी मला दोन गोष्टी आग्रहाने मांडायच्या आहेत. चयापचय कळायला हवे असेल तर खूण लावणाऱ्याइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, लक्ष ती पुसणाऱ्याकडे द्यायला हवे. आणि खूण सापडली म्हणजे तिला अर्थ आहेच, असे धरून चालायची सवय आपण सोडायला हवी. पहिली गोष्ट आपल्या शिक्षणात हरवली आहे. दुसरी विज्ञानाच्या बातम्यांत आणि औषधांच्या बाजारात हरवली आहे.

अकरावी-बारावीत ग्लुकोजच्या विघटनाच्या दहा पायऱ्या पाठ कराव्या लागतात. मग क्रेब्ज चक्र, मग एटीपीचा हिशोब. विद्यार्थी बाणांनी भरलेला तक्ता काढतो, पैकीच्या पैकी गुण मिळवतो आणि महिन्याभरात सारे विसरतो. त्याचा दोष मला विद्यार्थ्यात दिसत नाही, तक्त्यात दिसतो. शेतात पाट काढून ठेवले म्हणून पिकाला पाणी पोचत नाही. रात्री उठून कोणालातरी दारे धरावी लागतात, एका वाफ्याचे दार फोडून दुसऱ्याचे बुजवावे लागते. आपण शिकवतो तो नुसत्या पाटांचा नकाशा आहे. ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, बांधणारे विकर आणि ते मोडणारे विकर एकाच पेशीत शेजारी-शेजारी असतात. दोन्ही एकाच वेळी चालू राहिली तर पेशी ऊर्जा जाळत बसेल आणि हाती काहीच उरणार नाही. मग असे होत का नाही? हा प्रश्न वर्गात विचारला गेला, तर त्याच्या उत्तरात विसाव्या शतकातले फार मोठे विज्ञान आपोआप येते.

ते उत्तर फॉस्फरायलेज नावाच्या विकरातून मिळाले. हे विकर ग्लायकोजेनच्या साखळीतून ग्लुकोजचा एकेक घटक फॉस्फेट जोडून सोडवते. गर्टी आणि कार्ल कोरी हे दोघे मूळचे प्रागचे. १९२२ मध्ये ते अमेरिकेत गेले आणि १९३१ पासून सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात काम करू लागले. फॉस्फरायलेजची दोन रूपे त्यांना सापडली. ए हे रूप आपण होऊन काम करते. बी हे रूप सुस्त असते, आणि स्नायूची ऊर्जा कमी पडू लागली की वाढणारा एएमपी हा रेणू मिळाला तरच ते हलते. शिवाय ए चे बी करणारे एक विकरही त्यांना स्नायूतच मिळाले. ते विकर ए मधून एएमपी काढून टाकत असावे, अशी त्यांची समजूत होती, आणि त्यावरूनच त्यांनी त्याला नाव दिले. पण सुटा झालेला एएमपी काही केल्या हाती लागेना. त्या विकराने ए वरून दुसरेच काहीतरी पुसलेले होते. या जोडप्याला १९४७ मध्ये नोबेल मिळाले. विद्यापीठाने वर्षानुवर्षे संशोधन-सहायकाच्या जागेवर ठेवलेल्या गर्टी कोरींना पूर्ण प्राध्यापकपद मिळाले, तेही त्याच वर्षी. हे इथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते, कारण फॉस्फरायलेजच्या दोन रूपांचा शोध या विषयाचा पाया आहे, आणि त्यातले पुष्कळसे काम त्यांच्या हातचे आहे.

काय पुसले गेले होते ते सिॲटलमध्ये कळले. एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्ज यांनी १९५०च्या दशकाच्या मध्याला हा प्रश्न हाती घेतला. (क्रेब्ज चक्र ज्यांच्या नावाने आहे ते हान्स क्रेब्ज वेगळे. हे एडविन क्रेब्ज कोरींच्याच प्रयोगशाळेत शिकलेले.) कोरींच्या पद्धतीने स्नायूचा अर्क गाळणकागदातून गाळला की ए मिळे, कागदाची पायरी वगळली की बी मिळे. साध्या गाळणकागदाने विकराचे रूप बदलावे, हे कोडेच होते. धागा पकडत गेल्यावर कळले की कागदात अंशमात्र कॅल्शियम असते, आणि तेवढ्याने अर्कातले एक तिसरे विकर जागे होते. ते तिसरे विकर एटीपीवरचा एक फॉस्फेट उचलून फॉस्फरायलेजवर बसवते. बी वर फॉस्फेट बसला की ए, आणि निघाला की पुन्हा बी. फॉस्फेट बसवणाऱ्या अशा विकरांना काइनेज म्हणतात, काढणाऱ्यांना फॉस्फटेज. म्हणजे कोरींच्या हाती पुसणारा आधी लागला होता आणि लावणारा नंतर सापडला. पण लावणारा सापडेपर्यंत पुसणारा ओळखूच आला नाही.

गाळणकागदाच्या या गोष्टीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तिचा नंतरचा उलगडा. कागदातले कॅल्शियम हा योगायोग होता, पण कॅल्शियमला प्रतिसाद देण्याची त्या काइनेजची क्षमता योगायोग नव्हती. मज्जातंतूचा आदेश पोचला की स्नायूच्या पेशीत कॅल्शियम सुटते आणि त्यानेच स्नायू आकसतो. तेच कॅल्शियम त्याच क्षणी या काइनेजला जागे करते. काम सुरू होणे आणि कामासाठी साठा फोडणे या दोन घटना एकाच संदेशाने बांधलेल्या आहेत. धावायला लागल्यावर इंधन मागवायचे आणि ते येईपर्यंत थांबायचे, अशी वेळ स्नायूवर येतच नाही.

या खुणेचे आकारमानही पाहण्यासारखे आहे. फॉस्फरायलेजच्या एका साखळीत ८४२ अमिनो आम्ले असतात आणि तिचा रेणूभार सुमारे ९७,००० असतो. फॉस्फेट बसतो तो चौदाव्या क्रमांकाच्या सेरीनवर, आणि त्याने वजनात भर पडते ८०ची. हजारात एकाहूनही कमी. पण तो ऋणभार घेऊन येतो, त्यामुळे साखळीचे टोक आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसते आणि सगळ्या रेणूची ठेवण बदलते. सुरुवातीला अनेकांना वाटले की ही साखरेच्या एका विकराची खासियत असावी. फिशर आणि क्रेब्ज यांना नोबेल मिळाले ते १९९२ मध्ये, जवळजवळ चार दशकांनी. पुढे मानवी जनुकसंच वाचून झाल्यावर २००२ मध्ये काइनेजच्या जनुकांची यादी झाली, ती ५१८ची निघाली. आपल्या सुमारे वीस हजार जनुकांपैकी पाचशेहून अधिक जनुके फॉस्फेट चिकटवणारी विकरे बनवण्यासाठी राखलेली आहेत.

आता वर्गातल्या त्या प्रश्नाचे उत्तर देता येते. घाबरल्यावर ॲड्रेनलिन सुटते. अर्ल सदरलँड यांनी यकृतावर काम करताना दाखवले की हे संप्रेरक पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या तयार करवते. त्यांना १९७१ मध्ये नोबेल मिळाले. हा निरोप्या एका काइनेजला मोकळे करतो, ते काइनेज दुसऱ्या काइनेजवर फॉस्फेट बसवते आणि ते दुसरे फॉस्फरायलेजवर. प्रत्येक पायरीवर एक विकर अनेकांना जागे करते, म्हणून संप्रेरकाचे थोडे रेणूही साखरेचा मोठा साठा फोडू शकतात. खरी चतुराई मात्र पुढे आहे. तेच पहिले काइनेज ग्लायकोजेन बांधणाऱ्या विकरावरही फॉस्फेट बसवते, आणि तिथे या खुणेचा परिणाम उलटा होतो: ते विकर मंदावते. एकच खूण एका ठिकाणी काम सुरू करते आणि दुसऱ्या ठिकाणी थांबवते. खुणेला स्वतःचा असा अर्थ नाही. ती कोणत्या प्रथिनावर, कोणत्या जागी बसली, यावर तो ठरतो.

जेवणानंतर इन्सुलिन येते आणि ग्लायकोजेनच्या बाबतीत तराजू पुसण्याच्या बाजूला झुकवते. खूण लावणाऱ्या एका काइनेजला ते आवरते, फॉस्फटेजचे पारडे जड होते, बांधणारे विकर मोकळे होते आणि मोडणारे निजते. म्हणजे शरीरातले सर्वांत प्रसिद्ध संप्रेरक यकृतात जे काम करते, त्याचा मोठा भाग खुणा काढण्याचा आहे. तरीही सामान्य वाचकासाठी लिहिलेल्या विज्ञानात काइनेजचे नाव वारंवार येते आणि फॉस्फटेजचे क्वचित. आपल्याला सुरू करणारा दिसतो, थांबवणारा दिसत नाही. थांबवणारा हरला तर काय होते, याचे उदाहरण रक्ताच्या एका कर्करोगात आहे. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात दोन जनुकांचे तुकडे चुकून जोडले जातात आणि कधीच न थांबणारे काइनेज तयार होते. इमॅटिनिब हे औषध नेमके त्यालाच अडवते. भारतात या औषधाच्या पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ रोजी पेटंट नाकारणारा निकाल लागला. त्या लढ्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था होती, ही आपल्याकडच्या वाचकाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

सगळ्या खुणा पुसण्यासाठी नसतात, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पेशीत प्राणवायू पुरेसा असताना एचआयएफ या प्रथिनावर त्याच प्राणवायूचा एक अणू बसवला जातो, आणि ती खूण म्हणजे त्या प्रथिनाच्या नाशाची चिठ्ठी असते. प्राणवायू घटला की चिठ्ठी लागत नाही, प्रथिन टिकते आणि पेशी कमी प्राणवायूवर भागवणाऱ्या चयापचयाकडे वळते. २०१९चे नोबेल या उलगड्यासाठी दिले गेले. इथे पुसण्याऐवजी प्रथिन नष्ट करून नवे घडवले जाते. मार्ग खर्चिक आहे, पण खूण कायम राहू द्यायची नाही, हे तत्त्व तिथेही पाळलेले दिसते.

या सगळ्यात मला सर्वांत खोल वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. खुणांसाठी लागणारा माल चयापचयातूनच येतो. फॉस्फेट येतो एटीपीतून, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनातून. ॲसिटिल गट ही अशीच दुसरी खूण; तो येतो ॲसिटिल-कोएपासून, जे साखर आणि चरबी दोन्ही जाळताना मधल्या टप्प्यावर तयार होते. हा ॲसिटिल गट काढणाऱ्या सिर्टुइन नावाच्या विकरांना एनएडी लागते, आणि तेही इंधन जाळण्याच्या व्यवहारातलेच आहे. ज्या मालावर पेशी जगते तोच माल तिच्या नियंत्रणाची शाई होतो. त्यामुळे पेशीच्या साठ्याची स्थिती तिच्या प्रथिनांवर उमटू शकते. वेगळा मुकादम नेमावा लागत नाही.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण एएमपीके हे काइनेज. पेशीत एटीपी थोडे घटले तरी एएमपी त्या मानाने कितीतरी पटीने वाढतो, आणि हे विकर तो एएमपी ओळखते. व्यायामात स्नायूंमध्ये हेच होते. मग ते चरबी बनवणाऱ्या ॲसिटिल-कोए कार्बोक्झिलेजवर फॉस्फेट बसवून त्याला थांबवते. चरबी बनणे घटते आणि जळण्याचा मार्ग मोकळा होतो. हे नुसते सुंदर चित्र नाही, याची कसून परीक्षा झालेली आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांमधल्या या विकराच्या दोन जुळ्या रूपांत प्रत्येकी एकच सेरीन बदलले गेले. विकर होते, काइनेज होते, फक्त फॉस्फेट बसायची जागा नव्हती. त्या उंदरांच्या यकृतात चरबी साचली आणि इन्सुलिनला त्यांचे शरीर नीट प्रतिसाद देईना. अशाच उंदरांना चरबीच्या खुराकाने लठ्ठ करून मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दिले, तर त्याचाही अपेक्षित उपयोग झाला नाही. मेटफॉर्मिन इतर मार्गांनीही काम करते आणि त्यावरचा वाद मिटलेला नाही. पण एका जागेवरच्या खुणेचे वजन या प्रयोगाने दाखवून दिले. पुरावा म्हणतात तो असा.

आता दुसरा मुद्दा. प्रथिनांचे तुकडे तोलणारी यंत्रे गेल्या वीस वर्षांत इतकी सूक्ष्म झाली की खुणांचा पूर आला. २०१० मध्ये चीनमधल्या संशोधकांनी मानवी यकृतात हजाराहून अधिक प्रथिनांवर ॲसिटिल खुणा असल्याचे दाखवले. चयापचयाचे जवळजवळ प्रत्येक विकर त्या यादीत होते. निष्कर्ष आकर्षक होता: फॉस्फेटइतकीच मोठी दुसरी नियंत्रणव्यवस्था सापडली. काही ठिकाणी तो खराही ठरला. ॲसिटिल-कोए बनवणाऱ्या एका विकराच्या नेमक्या कामाच्या जागी ॲसिटिल खूण बसते आणि विकर बंद पडते. सिर्टुइनने ती काढली की पुन्हा चालते. हे आधी साल्मोनेला या जिवाणूत २००२ मध्ये दिसले आणि नंतर सस्तन प्राण्यांतही. पण उरलेल्या हजारो जागांचे काय?

तंतुकणिकांच्या आत ॲसिटिल-कोए भरपूर असते आणि वातावरण किंचित अल्कधर्मी असते. तेवढ्या भांडवलावर कोणत्याही विकराच्या मदतीशिवाय प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लावर ॲसिटिल गट आपोआप चिकटतो, हे प्रयोगांनी दाखवले आहे. मोजमाप केल्यावर असेही दिसले की अशा बहुतेक जागांवर शंभरातल्या एका रेणूवरही ती खूण नसते. बाकीचे नव्व्याण्णव आपले काम बिनबोभाट करत असतात. तंतुकणिकांतले मुख्य सिर्टुइन काढून टाकलेल्या उंदरांत ॲसिटिल खुणांचा ढीग साचला, तरी रोजच्या आयुष्यात ते सर्वसाधारण उंदरांसारखेच दिसले. उपास आणि थंडी सोसण्याची वेळ आली तेव्हा त्यांची उणीव उघडी पडली. माझे मत असे आहे की या खुणांचा मोठा भाग हुकूम नसून गंज आहे, आणि सिर्टुइनचे बरेचसे काम तो साफ करण्याचे आहे. या मताला विरोध करणारे जाणते संशोधक आहेत, आणि काही जागांपुरता त्यांचाच पक्ष बरोबर ठरेल. पण पुराव्याचे ओझे खूण अर्थपूर्ण आहे असे म्हणणाऱ्यावर असले पाहिजे. स्वतः एडविन क्रेब्ज यांनी १९७९ मध्ये एका सहकाऱ्यासोबत या कसोट्या मांडल्या होत्या: विकराचे काम बदलते का, ते जिवंत शरीरात खरोखर घडते का, आणि खुणेचे प्रमाण व परिणाम हातात हात घालून चालतात का. ज्यांनी हे क्षेत्र उघडले त्यांनीच त्याच्या दारावर पहारा बसवला, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

हा वाद प्रयोगशाळेपुरता असता तर इतक्या कळकळीने लिहिले नसते. सिर्टुइनना एनएडी लागते, वयानुसार एनएडी घटते असे दिसते, म्हणून एनएडी वाढवणाऱ्या गोळ्या घ्या आणि म्हातारपण लांबवा, असे सांगणारा व्यापार आता भारतातही आला आहे. या साखळीतली प्रत्येक कडी थोडीफार खरी आहे. पण कोणती खूण निघाल्याने कोणता आजार टळतो, याचा जोडणारा पुरावा माणसात नाही, आणि या गोळ्यांनी माणसाचे आयुष्य वाढल्याचे कोणीही दाखवलेले नाही. निवृत्तीवेतनावर जगणाऱ्या माणसाने महिन्याला काही हजार रुपये यात घालावेत, हे मला सहन होत नाही. चालण्याने एएमपीके जागे होते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

खूण वाचताना सावध का राहायचे, याचा रोजचा दाखला आपल्या घरातच आहे. तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी चाचणी प्रथिनावरची खूणच मोजते. हिमोग्लोबिनवर साखर आपोआप चिकटते. त्यामागे विकर नाही की हेतू नाही. मधुमेहाशी असलेले तिचे नाते १९६८ मध्ये तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर यांच्या लक्षात आले. ही खूण निघत नाही. तांबडी पेशी जगते ते सुमारे १२० दिवस ती तिच्यासोबत राहते, म्हणूनच गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब लागतो. ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह, हे आता अनेकांना पाठ आहे. पण हा आकडा साखरेइतकाच तांबड्या पेशीच्या आयुष्यावरही अवलंबून असतो. पेशी लवकर मरत असतील तर खूण साचायला वेळच मिळत नाही आणि आकडा फसवा कमी येतो. लोह कमी पडून झालेल्या रक्तक्षयात तो उलट वाढलेला दिसू शकतो. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या पट्ट्यांत सिकलसेल आहे, आणि स्त्रियांमधला रक्तक्षय तर राज्यभर आहे. तेव्हा सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, अंगात रक्त कमी असेल, नुकतेच रक्त चढवले असेल किंवा मोठा रक्तस्राव झाला असेल, तर एचबीएवनसीच्या एका आकड्यावर विसंबू नका. डॉक्टरांना ते आधी सांगा, आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर सोबत तपासून घ्या.